आठ मात्रांचा एकांत

पारंपरिक जॅझ ही संज्ञा ऐकताच शास्त्रीय संगीताच्या संस्कारात वाढलेल्या मराठी श्रोत्याच्या मनात घराणे, गंडाबंधन, तंबोरा आणि पहाटेचा रियाझ अशी जी मालिका उभी राहते, ती आरंभीच बाजूला सारणे इष्ट ठरेल. कारण आज ज्या संगीताला ‘पारंपरिक’ म्हटले जाते ते अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, मिरवणुकांत, नाचघरांत आणि अंत्ययात्रांत आकाराला आले, आणि घरंदाज मंडळींनी कानांवर हात ठेवावेत असे त्या काळी त्याच्याइतके दुसरे काही नव्हते. पुढे १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बीबॉप नावाचा अधिक वेगवान आणि अधिक गुंतागुंतीचा प्रकार जन्माला आला, तेव्हा जुन्याला वेगळ्या नावाने ओळखण्याची गरज पडली आणि कालचा उनाड पोरगा एका रात्रीत परंपरेच्या पाटावर जाऊन बसला. घरोघरी असे होतच असते.

या संगीताची गाठ प्रौढ हौशी वादकाशी पडली म्हणजे काय घडते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. प्रौढ हौशी वादक म्हणजे असा मनुष्य की ज्याने शाळेच्या बँडमध्ये तीन-चार वर्षे एखादे वाद्य वाजवले, पुढे शिक्षण, नोकरी, संसार आणि घराचे हप्ते यांच्या रेट्यात ते माळ्यावर टाकले, आणि मुले मार्गी लागल्यावर एका रविवारी पेटी खाली काढून, धूळ झटकून, आतल्या मखमलीचा कुबट वास घेत स्वतःशी असा निष्कर्ष काढला की मधली तीस वर्षे म्हणजे केवळ एक लांबलेले मध्यंतर होते. अमेरिकेत शाळाशाळांतून बँड असल्यामुळे अशा माळ्यांना तोटा नाही. या वर्गासाठी तेथे उन्हाळ्यात शिबिरे भरतात. त्यांपैकी गायिका बानू गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली न्यू ऑर्लिन्समध्ये सुरू केलेले शिबिर खास पारंपरिक जॅझला वाहिलेले आहे. सकाळी वाद्यवार वर्ग, दुपारी सात-आठ जणांच्या बँडमध्ये तालीम, रात्री ‘जॅम’, म्हणजे पूर्वतयारीशिवाय जमेल त्याने जमेल तसे वाजवावे अशी बैठक, आणि आठवडा संपायच्या आत शहराच्या रस्त्यांवरून एक मिरवणूक व एका नामांकित सभागृहात हजेरी, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो.

हे शिबिर ज्या बर्बन ऑर्लिन्स हॉटेलात भरत आले, त्या वास्तूचा पूर्वेतिहास येथे नोंदवला पाहिजे, कारण त्यावाचून तिच्या सहनशीलतेचा उलगडा होत नाही. या जागी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरातील एक प्रसिद्ध नाचघर होते. १८८१ साली ते होली फॅमिली या कृष्णवर्णीय नन्सच्या संघाने घेतले आणि पुढची ऐंशीहून अधिक वर्षे तेथे मठ चालवला. दीडशे वर्षे आळीपाळीने नाच आणि प्रार्थना पाहिलेल्या भिंतींना, सकाळी नऊ वाजता चौदा निवृत्त गृहस्थ एकाच वेळी ट्रोम्बोनमध्ये फुंकर घालू लागले तरी, विशेष काही वाटत नसावे. शेजारच्या खोल्यांत उतरलेल्या नवविवाहितांबद्दल तसे खात्रीने म्हणता येत नाही.

जत्रेला येणाऱ्यांचे आपल्याकडे हौसे, नवसे आणि गवसे असे तीन वर्ग पूर्वापार मानले गेले आहेत आणि शिबिरार्थींना ते जसेच्या तसे लागू पडतात. हौसे ते, की ज्यांना वाजवण्यातच आनंद आहे आणि परिणामांची फिकीर नाही. यांत बहुधा ढोलवादक येतात. नवसे ते, की ज्यांनी निवृत्त झाल्यावर एकदा तरी लुई आर्मस्ट्राँगच्या गावात वाजवीन असा पण केलेला असतो आणि तो फेडण्यासाठी ते गंभीर चेहऱ्याने, गुडघ्याला पट्टा बांधून येतात. गवसे मात्र वेगळेच: त्यांना आपल्या गावी आधीच एक बँड असतो, त्यात एक जागा रिकामी असते, आणि न्याहारीच्या टेबलावर कॉफी ओतता ओतता ते समोरच्याला सहज विचारल्यासारखे विचारतात की, तुम्ही ट्यूबा वाजवता असे ऐकले, ते खरे का. अर्ज भरताना स्वतःची पातळी स्वतःच ठरवायची असल्याने आणखी एक वर्गीकरण होते, पण ते निरुपयोगी असते. कारण ‘मध्यम’ या रकान्यावर खूण करणाऱ्यांत नवशिके असतात, उत्तम वाजवणारे विनयशील लोक असतात, आणि जगातील प्रत्येक बँजोवादक असतो.

येणारे लोक आयुष्यात पोचलेले असतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, प्राध्यापक, कुणी विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर. ज्यांच्या सहीवाचून कालपर्यंत पान हलत नव्हते, अशांना येथे बाविसाव्या वर्षी केसांची शेंडी बांधून आलेला ड्रमशिक्षक ‘तुम्ही घाई करता’ एवढेच तीन शब्दांत सांगतो आणि ते शाळकरी पोराप्रमाणे मान खाली घालून ऐकतात. अशा वेळी त्यांना इतिहासाचा मोठा आधार वाटतो. न्यू ऑर्लिन्सच्या आद्य वादकांपैकी अनेक जण दिवसा दुसराच व्यवसाय करीत असत, ही गोष्ट शिबिरात पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतो आणि ती वाऱ्यासारखी पसरते. कॉर्नेटवादक मॅन्युएल पेरेझ चिरूट वळीत असे. क्लॅरिनेटवादक आल्फोन्स पिकू पत्र्याचे काम करी. बँजो आणि गिटार वाजवणारा जॉनी सेंट सायर गिलावा करणारा गवंडी होता. आणि ज्याच्या क्लॅरिनेटने १९४० नंतरच्या पुनरुज्जीवनाला रडवले आणि नाचवले तो जॉर्ज लुइस बंदरावर मालाची चढउतार करी. म्हणजे हे सारेच एका अर्थी दिवसा नोकरी आणि रात्री बँड असे लोक होते; मग हौशी कोण आणि व्यावसायिक कोण, असा प्रश्न शिबिरार्थी एकमेकांना मोठ्या समाधानाने विचारतात. त्याचे उत्तर अवघड नाही. पत्रेवाल्याला वाजवता येत होते.

वाद्यवृंदाची रचना समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. पारंपरिक जॅझच्या बँडचे दोन भाग असतात. पुढच्या फळीत कॉर्नेट किंवा ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रोम्बोन. मागे ताल आणि आधार धरणारी फळी, तिच्यात पियानो, बँजो, ड्रम आणि ट्यूबा किंवा उभा बास. कॉर्नेट मूळ चाल सांगतो, म्हणून तो कर्ता पुरुष. क्लॅरिनेट त्या चालीच्या वरच्या अंगाने वेलबुट्टी काढत जातो, म्हणजे त्याने सतत बोलायचे पण मुख्य मुद्द्याला हात लावायचा नाही. एकत्र कुटुंबातील आत्याबाईंचे जे स्थान, तेच साधारण त्याचे. ट्रोम्बोन खालच्या सुरांत हुंकार भरतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन मोकळ्या जागा बुजवतो. या शैलीला ‘टेलगेट’ म्हणतात, आणि त्याचे कारण अगदी गद्य आहे: जाहिरातीसाठी बँडला घोडागाडीत बसवून गावभर फिरवीत, तेव्हा ट्रोम्बोनची पुढे-मागे सरकणारी नळी इतरांच्या पाठीत बसू नये म्हणून त्या वादकाला गाडीच्या मागच्या फळीवर, म्हणजेच टेलगेटवर, बसवीत असत. एका शैलीचे नाव अशा रीतीने बसण्याच्या जागेवरून पडले, ही बाब शिबिरातील अरुंद तालीमखोलीत, ट्रोम्बोनवादकाच्या बरोबर पुढे खुर्ची मिळालेल्याला विशेष मार्मिक वाटते.

बँजोविषयी स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल, पण येथे एवढेच सांगणे पुरे की या वाद्यावर ताणलेला पडदा हवेतील ओलाव्याने सैल पडतो, न्यू ऑर्लिन्सच्या जूनमध्ये ओलाव्याखेरीज हवेत फारसे काही नसते, आणि त्यामुळे बँजोवादक तालीम चालू असो वा बंद, मान एका अंगाला कलती करून, कान वाद्याला लावून खुंट्या पिळीत असतो. फुंकून वाजवण्याच्या वाद्यांचे दुखणे याहून निराळे आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो आणि वाद्य चढे बोलू लागते. पियानो मात्र आपल्या जागी अढळ राहतो. हॉटेलच्या गारठवणाऱ्या खोलीत नीट जुळवलेला क्लॅरिनेट बाहेरच्या अंगणात नेला की पाच मिनिटांत सुरापासून सुटतो, आणि त्याचा धनी ‘हवेमुळे’ असे जे म्हणतो ते, त्याच्या बाकीच्या सबबींच्या मानाने, शास्त्रशुद्ध असते.

आता कागदाचा प्रश्न. न्यू ऑर्लिन्समध्ये एके काळी वादकांच्या दोन जाती होत्या, आणि जात हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. कॅनल स्ट्रीटच्या एका अंगाला राहणारे क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाचे, मिश्र वंशाचे आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र असलेले कारागीर, स्वरलिपी वाचायला शिकलेले होते आणि ऑपेराच्या परंपरेशी नाते सांगत. दुसऱ्या अंगाला गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती, तेथले वादक कानाने वाजवीत आणि ब्लूज नावाचे व्याकुळ, सुरांना मधल्या जागी वाकवणारे गाणे त्यांच्या अंगात होते. वंशभेदाचे कायदे कडक होत गेले तसा क्रिओलांचा वेगळा दर्जा संपला. रेल्वेच्या डब्यात गोऱ्यांच्या जागी बसल्याबद्दल पकडला गेलेला होमर प्लेसी याच शहरातला क्रिओल होता आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. ज्यांनी एरवी एकमेकांच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले नसते असे वाचणारे आणि ऐकणारे वादक पोटापाण्यासाठी एकाच बँडमध्ये आले, आणि अन्यायाच्या त्या दाबाखाली जे घडले त्याला पुढे जॅझ हे नाव मिळाले. एवढा इतिहास व्याख्यानात तन्मयतेने ऐकून शिबिरार्थी तालमीला येतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो हा, की याचा कागद कुठे मिळेल.

हा प्रश्न हास्यास्पद वाटला तरी त्यामागे व्यथा आहे. प्रौढ माणूस कागदाशिवाय काही करायला धजत नाही. त्याला मिळते ती ‘लीड शीट’, म्हणजे मूळ चाल आणि तिच्या डोक्यावर लिहिलेल्या कॉर्डची, अर्थात एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुडीची, अक्षरे एवढाच मजकूर असलेला एक कागद. बाकीचे सारे ज्याने त्याने जागच्या जागी रचायचे असते. शिवाय हा कागदही फसवा असतो. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही ‘बी फ्लॅट’ वाद्ये आहेत. त्यांवर ‘सी’ हा सूर वाजवला तर पियानोच्या हिशेबी तो ‘बी फ्लॅट’ निघतो, म्हणून बाकीच्यांशी जुळायचे तर त्यांना एक पूर्ण सूर वरचे वाचावे लागते. त्यातच जॅममध्ये पट्टी तोंडाने न सांगता बोटांनी दाखवण्याची चाल आहे: जमिनीकडे एक बोट म्हणजे एक कोमल चिन्ह असलेली ‘एफ’ पट्टी, दोन बोटे म्हणजे ‘बी फ्लॅट’, तीन म्हणजे ‘ई फ्लॅट’. बँडप्रमुख पाठमोरा उभा, हात पाठीमागे, बोटे खाली. आपण पाहिली ती दोन की तीन, आणि त्यांत आपला सूर वाढवायचा की कमी करायचा, याचा हिशेब सुरू असतानाच ढोलकऱ्याने एक-दो म्हटलेले असते. हृदयरोगतज्ज्ञाचा चेहरा अशा क्षणी कसा होतो हे त्याच्या रुग्णांनी न पाहिलेलेच बरे.

पण खरी अडचण याच्याही पुढची आहे. पारंपरिक जॅझचा प्राण सामूहिक उपज हा आहे, म्हणजे पुढच्या फळीतील तिघेही एकाच वेळी आपापले स्वतंत्र बोलत असतात आणि तरी गलका होत नाही, कारण प्रत्येक जण बोलता बोलता दुसऱ्या दोघांचे ऐकत असतो. किंग ऑलिव्हरच्या बँडने १९२३ साली इंडियाना राज्यातील रिचमंड येथे केलेल्या ध्वनिमुद्रणांत हा चमत्कार पूर्ण वयात आलेला दिसतो. त्यात दुसरा कॉर्नेट तरुण आर्मस्ट्राँगचा होता. हौशी वादकाला मात्र आपल्या बोटांकडे लक्ष देता देता दुसऱ्याचे ऐकणे साधत नाही, आणि प्रतिष्ठित जीवनात चाळीस वर्षे लोक आपलेच ऐकत आल्याने त्याला ती सवयही राहिलेली नसते. परिणामी पहिल्या तालमीत सात जणांचा बँड गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेसारखा ऐकू येतो: सगळे बोलतात, प्रत्येकाचा मुद्दा बरोबर असतो, आणि इतिवृत्त कोणालाच लिहिता येत नाही.

यावर शिक्षक जो उपाय सांगतात तो ऐकून लोक खट्टू होतात. कमी वाजवा, असे ते म्हणतात. वर्षभर ज्याने रोज संध्याकाळी आल्फोन्स पिकूचे ‘हाय सोसायटी’मधले सुप्रसिद्ध क्लॅरिनेटवादन घोटलेले असते, जे मुळात एका कवायतगीतातील पिकोलो या इवल्याशा बासरीसाठी लिहिलेले होते आणि जे पुढे न्यू ऑर्लिन्सच्या क्लॅरिनेटवादकांची परीक्षाच होऊन बसले, त्याला कोणी सांगावे की या कडव्यात तुम्ही दोनच सूर वाजवा आणि उरलेल्या वेळात कॉर्नेट काय म्हणतो ते ऐका, यासारखा पाणउतारा नाही. अशा एका क्लॅरिनेटवादकाविषयी, ज्याचे नाव देण्याचे कारण नाही आणि ज्याच्याबद्दल प्रस्तुत लेखकाला गरजेपेक्षा अधिक माहिती आहे, येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. हा गृहस्थ शिबिराला येताना ‘ब्रेक’ची तयारी करून आला होता. ब्रेक म्हणजे चाल रंगात आली असताना सारा बँड एकदम थांबतो आणि एका वादकाला दोन बार, म्हणजे चार-चार मात्रांचे दोन कप्पे, पूर्ण मोकळे सोडतो. या आठ मात्रांत ढोल नाही, बास नाही, आधाराला कोणी नाही, आणि नवव्या मात्रेला, आपल्या भाषेत समेला, सगळे परत येतात तेव्हा तुम्ही तेथे हजर असले पाहिजे. या गृहस्थाने त्या आठ मात्रांसाठी बेचाळीस सुरांची एक तान कागदावर लिहून, पाठ करून, मेट्रोनोमच्या ठोक्यावर बसवून, घरच्यांना इतक्या वेळा ऐकवली होती की शेजाऱ्यांचा पाळीव पोपट तिचा पहिला भाग बिनचूक म्हणत असे. उरलेला भाग पोपटालाही अवघड वाटला असावा.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधलेली रीड, म्हणजे वेताच्या जातीच्या एका बोरूची तासून पातळ केलेली पट्टी, ही या वादकाची दुसरी चिंता. दहा रीड्सच्या डबीत दोन चांगल्या निघतात, तीन चालवून घेता येतात आणि उरलेल्या पाच फेकण्याचा धीर होत नाही म्हणून वर्षानुवर्षे जपल्या जातात. रीड कोरडी पडली किंवा ओठ जागेवर बसला नाही की क्लॅरिनेट किंचाळतो. यात लाज वाटण्याचे तसे कारण नाही, कारण ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड या गोऱ्या वादकांच्या चमूने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी जे मुद्रण केले, आणि जी जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका मानली जाते, तिच्या ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’ या बाजूत क्लॅरिनेट मुद्दाम कोंबड्यासारखा आरवतो, कॉर्नेट घोड्यासारखा खिंकाळतो आणि ट्रोम्बोन गाईसारखा हंबरतो. शिबिराच्या पहिल्या तालमीत हे तिन्ही प्राणी कोणताही सराव न करता अवतरतात, आणि इतिहासाशी आपली नाळ अजून जुळलेली आहे असे मानायला जागा राहते.

वयाचा विषय टाळता येण्यासारखा नाही. शिष्यवृत्तीवर आलेली दोन-चार शाळकरी मुले सोडली तर येथे पन्नाशीचा मनुष्य तरुणांत मोजला जातो, आणि जॅमच्या वेळी ओठ सुजण्यापासून पाठ धरण्यापर्यंत ज्या तक्रारी चालतात त्या सार्वजनिक बागेतील ज्येष्ठांच्या कट्ट्यावरही उठून दिसाव्यात. यांचे दैवत बंक जॉन्सन असायला हवे. हा ट्रम्पेटवादक दात गेल्यामुळे वाजवणे सोडून लुइझियानाच्या ऊसपट्ट्यातील न्यू आयबेरिया गावी कष्टाची कामे करीत होता. जुन्या जॅझचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनी त्याला १९३० च्या दशकाच्या अखेरीस हुडकून काढले, तेव्हा त्याने कळवले की दात आणि वाद्य मिळाले तर अजूनही वाजवून दाखवीन. त्याला कवळी करून दिली ती थोर क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे याच्या भावाने, जो दंतवैद्य होता, आणि १९४२ साली बंकची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. आपण बडी बोल्डनच्या, म्हणजे ज्याचे वादन कोणत्याही तबकडीवर उरलेले नाही अशा आद्य पुरुषाच्या, बँडमध्ये होतो हे पटावे म्हणून बंकने स्वतःचे वय बरेच वाढवून सांगितले, असे आता संशोधक मानतात. हौशी वादकांच्या इतिहासात वय वाढवून सांगणारा तो एकटाच असावा.

मराठी वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर त्याने आपले कान थोडे मागे न्यावेत. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, आणि चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक तो नवा ताल कानांनी टिपू लागले. वाचणारे आणि ऐकणारे यांची गाठ येथेही पडली, फक्त ती एकाच माणसाच्या डोक्यात पडली. बार्देशातील हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागला आणि भारताचा आर्मस्ट्राँग म्हणवला गेला; पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा ज्या ठेक्यावर हलकेच डुलले त्यात न्यू ऑर्लिन्सचा अंश होता हे गणपतीत तीच गाणी वाजवणाऱ्या पिढ्यांना कधी कळलेही नाही. हे गोमंतकीय वादक दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवीत. त्यांच्या बाबतीत दिवसाची नोकरीही बँडचीच होती, एवढ्यापुरते ते पत्रेवाल्याच्या पुढे गेले.

शिबिराच्या अखेरीस निघणारी मिरवणूक ‘सेकंड लाइन’ या प्रथेवर बेतलेली असते. न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेत किंवा मंडळांच्या मिरवणुकीत बँड, आप्त आणि यजमान ही पहिली रांग; त्यांच्यामागे छत्र्या आणि हातरुमाल नाचवीत जे आपणहून सामील होतात ती दुसरी. दफनाकडे जाताना संथ आणि शोकाकुल, परतताना उसळते संगीत, असा तिचा मूळ क्रम आहे. हौशी वादकाला येथे प्रथमच कळते की चालणे आणि वाजवणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत. फ्रेंच क्वार्टरचे पदपथ उंचसखल आहेत. पावलागणिक क्लॅरिनेटचे तोंड दातांवर आपटते. पुढे सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळलेला ट्यूबा, कोपऱ्यावर वळला की मागच्यांना दोन क्षण काहीच दिसत नाही. आणि घामाने डोळे चुरचुरत असता बोटांचा हिशेब सुटून जातो. याच वेळी कधीतरी, कोणाला नकळत, तो बँड एकमेकांचे ऐकू लागतो. पाहायला काही उरलेले नसते म्हणून असेल.

त्या रात्री प्रिझर्वेशन हॉलमध्ये हजेरी होती. हे सभागृह १९६१ पासून ॲलन आणि सँड्रा जॅफी या दांपत्याने नावारूपाला आणले. ॲलन वॉर्टनमधून व्यापारशास्त्र शिकलेला होता आणि पुढे हॉलच्या बँडबरोबर स्वतः ट्यूबा वाजवू लागला, म्हणून व्यवस्थापनाची पदवी घेतलेले शिबिरार्थी तेथे शिरताना किंचित छाती काढतात. आत जुन्या भिंती, बाके, जमिनीवर टेकलेले श्रोते. आणि एके काळी तेथे फर्माइशींचा दरफलक असे, ज्यात ‘सेंट्स’ या सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याचा दर सर्वांत जास्त होता, वादकांच्या सोशिकतेची किंमत म्हणून. क्लॅरिनेटवादकाच्या बँडने एक बारा बारांचे ब्लूज धरले. तिसऱ्या फेरीला बँडप्रमुखाने त्याच्याकडे बोट केले आणि सारे एकदम थांबले.

बेचाळीस सुरांपैकी पहिला लागला. तो वरचा होता, ओल्या रीडमुळे थोडा खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला, कारण पुढचा सूर कोणता हे त्याला आठवेना. दुसरी मात्रा गेली, तिसरी गेली. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हसत गेले ते स्पष्ट ऐकू आले. पाचव्या मात्रेला श्वास संपत आला म्हणून त्याने तो सूर सोडला आणि सहाव्या-सातव्याला केवळ भीतीने काहीच वाजवले नाही. आठव्याला एक खालचा, आखूड सूर कसाबसा निघाला. समेवर ढोल, ट्यूबा, सगळे धाडकन परत आले आणि तो तेथे होता. टाळ्या पडल्या नाहीत, कोणी हसलेही नाही. मागच्या फळीत बँजोवादकाने त्याच्याकडे पाहत मान हलवली. मात्र ती दाद होती की तो वाद्य जुळवत होता, याविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही.